एमबीबीएसची सरकारी सीट बसतेय: पसंतीक्रम, कागद आणि जाण्याची तयारी (विदर्भ)

धुऱ्यावरचा मास्तर

पुतणीचा नीटचा रँक पाहता राज्य कोट्यातून सरकारी सीट बसेल असं दिसतं. गाव दारव्हा तालुक्यात, प्रवर्ग ओबीसी (कुणबी), जातवैधता हातात आहे, घरी सहा एकर कोरडवाहू. शिक्षण बारावीपर्यंत सेमी-इंग्रजी.

घरात तीन मतं आहेत. वडील म्हणतात यवतमाळ, घराजवळ. पोरगी म्हणते नागपूरचं मेडिकल, म्हणजे तिथलं जुनं सरकारी मेडिकल कॉलेज. क्लासचे सर म्हणतात वाशीम-बुलडाण्याची नवी कॉलेजं वर टाका म्हणजे सीट पक्की. पसंतीक्रम भरायला आठवडा आहे. जाणकारांनी नीट समजावून सांगावं. कागदांचं आणि सामानाचंही सांगा, कारण घरातून डॉक्टरकीला जाणारं हे पहिलंच लेकरू आहे.

यादीवाचक

मास्तर, आधी क्लासच्या सरांचं खोडतो. नवं कॉलेज वर टाकल्यानं सीट 'पक्की' होत नाही. वाटप गुणवत्ता क्रमांकाने होतं. संगणक तिच्या क्रमांकापाशी आला की तिची यादी वरून खाली वाचतो आणि जिथे जागा शिल्लक आहे ते पहिलं कॉलेज देतो. वाशीम सातव्या नंबरवर लिहिलं काय आणि पहिल्यावर लिहिलं काय, तिथे बसण्याची तिची शक्यता तेवढीच. फरक एवढाच की पहिल्यावर लिहिलं तर संगणक तिथेच थांबेल आणि खालचं नागपूर बघणारच नाही. दर वर्षी चांगल्या रँकची दोन-चार पोरं अशी फसतात.

म्हणून यादी मनातल्या खऱ्या आवडीनेच लावा. 'हे आपल्याला लागणार नाही' म्हणून एखादं कॉलेज गाळू नका. ते वर ठेवल्याने खालचं बिघडत नाही.

अंदाज बांधताना मागच्या वर्षीचे मार्क बघू नका. पेपर सोपा-अवघड झाला की मार्कांचा अर्थच बदलतो: २०२४ मध्ये ७२० पैकी ७२० घेणारे अनेक होते, २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्याला ६८६ होते. सीईटी सेल, म्हणजे राज्य कोट्याचे प्रवेश करणारी यंत्रणा, प्रत्येक फेरीची निवडयादी पीडीएफमध्ये टाकते. त्यात राज्य गुणवत्ता क्रमांक, प्रवर्ग आणि कॉलेज असतं. तिच्या प्रवर्गात प्रत्येक कॉलेजला शेवटची जागा कोणत्या क्रमांकाला गेली ते काढा. मुलींसाठी ३० टक्के समांतर आरक्षण (प्रत्येक प्रवर्गाच्या आतच राखीव जागा) आहे, म्हणून ओबीसीतली शेवटची मुलगी कोणत्या क्रमांकावर आहे ते वेगळं बघा. पहिली फेरी आणि शेवटची फेरी यांत बराच फरक पडतो, दोन्ही लिहून ठेवा. कागद-पेन घेऊन बसलं तर दोन तासांचं काम आहे.

वावरातला वाघ

मास्तर टेन्शन कायले घेता बाप्पा. आपल्या विदर्भाच्या पोरायले विदर्भातल्या कॉलेजात ७० टक्के जागा रायतात. पोरगी नागपूरले लागून जाते बिनधास्त.

यादीवाचक

वाघभाऊ, ते जुनं झालं. ७०:३० चा प्रादेशिक कोटा सप्टेंबर २०२० मध्येच रद्द झाला. आता राज्यभर एकच यादी आहे. लातूर-नांदेडची पोरं नागपूर-अकोल्याला येतात, आपली तिकडे जातात. २०२० च्या आधीचे कटऑफ घेऊन कोणी सांगत असेल तर ते कागद बाजूला ठेवा.

वावरातला वाघ

व्हय काय. मंग माहं म्हणणं वापस.

सेतूवाला

कागदांचं मी सांगतो, कारण सीट रँकने लागते पण जाते ती कागदाने.

पहिलं नॉन-क्रिमिलेअर. जात प्रमाणपत्र आणि वैधता एकदाच काढावी लागते, नॉन-क्रिमिलेअरला मात्र मुदत असते. ते त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं लागतं. जुनं संपलं असेल तर आजच अर्ज टाका. तलाठ्याचा उत्पन्न दाखला, मग तहसील, मग उपविभागीय अधिकारी, असा कागद फिरतो आणि निकालानंतर सगळा तालुका त्याच रांगेत असतो. बऱ्याच जणांचा गैरसमज आहे की शेतीचं किंवा पगाराचं उत्पन्न जास्त दिसलं की नॉन-क्रिमिलेअर मिळत नाही. आठ लाखांची मर्यादा मोजताना पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. आई-वडिलांचं पद वर्ग एक-दोनचं असेल तर नियम वेगळे.

दुसरं, राज्याचा नमुना आणि केंद्राचा नमुना हे दोन वेगळे कागद आहेत. राज्य कोट्याला राज्याचा चालतो. १५ टक्के अखिल भारतीय कोट्यात किंवा एम्सला ओबीसीतून जायचं तर केंद्राच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. दोन्ही एकदमच काढा. कुणबी दोन्ही याद्यांत आहे, अडचण नाही. एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) केंद्राच्या यादीत नाही, त्या पोरांना केंद्रात खुल्यातून किंवा ईडब्ल्यूएसमधून (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) जावं लागतं. आणि केंद्राच्या ईडब्ल्यूएसला पाच एकर किंवा जास्त शेतजमीन असली की दार बंद. आपल्याकडे सहा एकर कोरडवाहूत घर चालत नाही, पण नियमाला ते दिसत नाही.

तिसरं, नाव. दहावीच्या मार्कशीटवर 'ज्ञानेश्वरराव', आधारवर 'ज्ञानेश्वर', जात प्रमाणपत्रावर आडनाव आधी. पडताळणीच्या टेबलावर हेच अडतं. दहावीचं प्रमाणपत्र प्रमाण धरा आणि बाकीचं त्याला जुळवा. वेळ नसेल तर शपथपत्र करून ठेवा.

झाडीपट्टी

वैधतेबद्दल इतर वाचकांसाठी भर घालतो. मास्तरांची आहे, पण पुढच्या वर्षी ज्यांची पोरं बसणार आहेत त्यांनी अकरावीतच प्रस्ताव टाकावा. पुरावा जुना लागतो: अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा दाखल-खारीज उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, जुना अधिकार अभिलेख, यांतून तो निघतो. दाखल-खारीजमध्ये जातीच्या रकान्यात काय लिहिलंय ते उतारा घेण्याआधी डोळ्याने वाचा. पणजोबाचं आडनाव वेगळं असेल तर वंशावळीचं शपथपत्र लागतं. आदिवासी पोरांचे दावे जिल्हा समितीकडे जात नाहीत, त्यांची तपासणी समिती वेगळी असते आणि तिथे वेळही जास्त लागतो. मुदतवाढ मिळेल या भरवशावर कोणी राहू नये.

मेडिकल चौक

आता कॉलेज. 'चांगलं कॉलेज कोणतं' यापेक्षा साडेचार वर्षं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप, एवढा काळ तिला काय मिळेल ते बघा.

नागपूरचं मेडिकल १९४७ चं. पूर्ण विदर्भ, शिवाय मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणाकडचेही रुग्ण तिथे येतात. सगळे विभाग, पीजी (पदव्युत्तर शिक्षण), सुपर स्पेशालिटी, ट्रॉमा. ग्रंथालय जुनं, परंपरा जुनी, पुढच्या परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं आजूबाजूला. उणी बाजूही आहे. एका वर्षात २५० पोरं, म्हणजे वॉर्डात एका खाटेभोवती वीस डोकी, आणि हाताने करायचं बरंचसं काम निवासी डॉक्टरांकडे जातं. जी स्वतः पुढे होऊन विचारते तिला भरपूर मिळतं. मागे उभी राहणारी मागेच राहते.

मेयो, म्हणजे नागपूरचंच दुसरं सरकारी कॉलेज, रेल्वे स्टेशनजवळ. दर्जात मेडिकलपेक्षा फार खाली समजू नका. अकोला २००२ चं, सर्वोपचार रुग्णालयाला जोडलेलं, मुख्य रेल्वेमार्गावर. यवतमाळ १९८९ चं, तिथे विषबाधा, सर्पदंश, प्रसूती यांचा ओघ मोठा. २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करणाऱ्यांना झालेल्या विषबाधेने तो जिल्हा देशाला कळला. असा रुग्ण कसा सांभाळायचा हे तिथल्या इंटर्नला पुस्तकातून शिकावं लागत नाही. चंद्रपूर २०१५ चं आणि गोंदिया २०१६ चं. दोन्हीकडे सिकलसेल आणि मलेरियाचे रुग्ण सततचे.

माझ्या मते मेडिकल, मेयो आणि मग यवतमाळ-अकोला हा क्रम या मुलीसाठी ठीक. यवतमाळ अकोल्याच्या वर ठेवायला घराजवळ असणं हे पुरेसं कारण आहे, पण मेडिकलच्या वर ठेवायला नाही.

सेवाग्राम रोड

चौकभाऊ वर्ध्याजवळचं सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज विसरले. १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी काढलेलं, कस्तुरबा रुग्णालयाला जोडलेलं. शिकवणं कडक आणि नियमित, शिक्षक विद्यार्थ्याला नावाने ओळखतात, गावात राहून करायचं शिबिर आणि दत्तक गावाची कामं खरोखर होतात. पण तिथली जीवनपद्धती मान्य असेल तरच टाका: खादी, श्रमदान, शाकाहार, सुरुवातीला आश्रमातलं शिबिर. यातलं काहीच ऐच्छिक नाही. ज्या पोरांना हे ओझं वाटतं ती पहिली सहा महिने कुढत राहतात. कोणत्या कोट्यातून किती जागा हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच बघा.

पांढरा डगला

नव्या कॉलेजांबद्दल सरसकट नाकं मुरडू नका. अमरावती, बुलडाणा, वाशीम, भंडारा, गडचिरोली ही २०२४ ची, प्रत्येकी १०० जागा. शंभरात विच्छेदनाच्या टेबलाभोवती गर्दी कमी, शिक्षकापर्यंत पोचणं सोपं. पीजी नाही म्हणून पुढे इंटर्नच्या हाताला काम जास्त. जिल्हा रुग्णालयाला पेशंटची कमी कुठेच नाही.

मेडिकल चौक

डगलेवाले, अर्धं मान्य. पेशंट आहे, पण तो दाखवून शिकवणारा हवा. पीजी नाही म्हणजे रात्री अकरा वाजता शंका विचारायला निवासी डॉक्टरही नाही. आणि सिनिअर कमी म्हणजे जुन्या प्रश्नपत्रिका, वह्या, हाडं, तोंडी परीक्षेत कोण काय विचारतं याची माहिती, सगळं तोकडं.

नवं कॉलेज टाकण्याआधी तिथल्याच एखाद्या विद्यार्थ्याला चार गोष्टी विचारा. वर्ग आणि रुग्णालय एकाच आवारात आहेत की मध्ये ऑटो करावा लागतो? विच्छेदनाला किती देह आहेत? दहा पोरांना एक आणि पंचवीस पोरांना एक यात शरीररचना शिकण्याचा फरक पडतो. मुलींचं वसतिगृह स्वतःचं की भाड्याच्या इमारतीत, आणि तिथून रात्री रुग्णालयात कसं जातात? औषधशास्त्र, विकृतीशास्त्र, न्यायवैद्यक यांचे शिक्षक नेमलेले आहेत की दुसऱ्या कॉलेजातून पंधरा दिवसांसाठी आलेले? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण तपासणीच्या वेळी दिसणारे शिक्षक वर्षभर दिसतीलच असं नाही.

पांढरा डगला

हे चार प्रश्न जुन्या कॉलेजांनाही विचारावेत असं माझं मत. बाकी क्रमावर वाद नाही. जुनी सहा वर, मग नवी, त्यातही घरापासून जवळची आधी. खाजगीच्या आधी मात्र सगळी सरकारी, कितीही नवी असोत.

धुऱ्यावरचा मास्तर

सर्वांचे आभार. एम्स आणि सावंगीचं नाव राज्याच्या यादीत सापडत नाहीये. आणि पहिल्या फेरीत यवतमाळ लागलं, तर नागपूरची वाट बघता येते का?

यादीवाचक

सापडणार नाही. नागपूरचं एम्स आणि अभिमत विद्यापीठं (सावंगी, वानाडोंगरी) दिल्लीच्या एमसीसीमार्फत (केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती) भरतात, सीईटी सेलमार्फत नाही. अमरावतीचं डॉ. पंजाबराव देशमुख आणि हिंगण्याचं लता मंगेशकर ही खाजगी, ती राज्याच्या यादीत येतात. एमसीसीला वेगळी नोंदणी करावी लागते: ओबीसीला ५०० रुपये फी आणि ५,००० रुपये परत मिळणारी अनामत. अभिमतसाठी मात्र ५,००० फी आणि दोन लाख अनामत, त्या रकान्यावर चुकूनही टिक करू नका. १५ टक्के कोट्यातून नागपूर-मुंबईची सरकारी कॉलेजंही मिळतात. रँक चांगला असेल तर ५,५०० रुपये गुंतवून ठेवायला हरकत नाही.

यवतमाळ लागलं तर जाऊन प्रवेश घ्या आणि 'स्टेटस रिटेन्शन' फॉर्म भरू नका. तो भरला की पुढच्या फेरीचा विचार संपला. न भरल्यास तिचं नाव वरच्या पसंतीसाठी पुढे जातं. इथे एक धोका नीट समजून घ्या: वरचं कॉलेज लागलं की आधीची सीट आपोआप जाते, परत मिळत नाही. म्हणून दुसऱ्या फेरीच्या आधी यादीत यवतमाळच्या वर फक्त तीच कॉलेजं ठेवा जिथे ती खरंच जाईल. फेरी सोडली तर पुढे काय, अनामत कधी जप्त, हे नियम दर वर्षी थोडे हलतात. माहितीपुस्तिकेचं ते पान छापून भिंतीला लावा. आणि दिल्लीची व राज्याची अशा दोन सीटा एकाच वेळी धरून ठेवता येत नाहीत, दोन्ही यंत्रणा एकमेकींना याद्या देतात.

हिशेबनीस ताई

दादा, पैशाचं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा. अभिमत आणि खाजगी विद्यापीठांना हे लागू नाही. वसतिगृह, मेस, ग्रंथालय, जिमखाना, अनामत हे मात्र भरावं लागतं, तेव्हा 'सगळं फुकट' समजून रिकाम्या हाताने जाऊ नका.

इथे उत्पन्नाचा दाखला वेगळा लागतो आणि नॉन-क्रिमिलेअर त्याच्या जागी चालत नाही. अर्ज महाडीबीटी या शासनाच्या संकेतस्थळावर दर वर्षी नव्याने करायचा.

पैसे अडकतात ते बहुतेक वेळा बँक खात्यामुळे. डीबीटीची (सरकारकडून थेट खात्यात येणारी) रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यात नाही, तर आधारशी सगळ्यात शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. पोरीचं शाळेतलं झिरो बॅलन्स खातं, पोस्टाचं खातं आणि जनधन, तिन्ही असली की कोणतं जोडलंय हेच घरी माहीत नसतं. बँकेत जाऊन 'एनपीसीआय मॅपिंग', म्हणजे आधार कोणत्या खात्याशी जोडलंय, ते तपासा. अठरा पूर्ण झालं असेल तर अज्ञान खातं सज्ञान करून घ्या, नाहीतर मोठी रक्कम आली की गोठतं.

वसतिगृहात जागा नाही मिळाली तर निर्वाह भत्त्याच्या योजना आहेत: अनुसूचित जातीला स्वाधार, जमातीला स्वयं, ओबीसीला ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार, आणि अल्पभूधारक व नोंदणीकृत मजुरांच्या पाल्यांना डॉ. पंजाबराव देशमुख भत्ता. एका वेळी एकच घेता येते.

कर्ज लागलंच तर विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करा. चार लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा आणि तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. शाखेत 'सातबारा आणा' म्हणाले तर हा नियम शांतपणे दाखवा. पीक कर्ज थकलेलं असलं तर सहकर्जदार म्हणून वडिलांऐवजी दुसरं कोणी ठेवता येईल का ते आधी विचारा.

पांढरा डगला

बंधपत्राचंही घरी आधीच सांगून ठेवा. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष शासनाची सेवा, नाहीतर १० लाख रुपये भरायचे. आपल्याकडच्या पोरीला प्राथमिक आरोग्य केंद्राचं वर्ष जड जाऊ नये, पण सही कशावर करतोय हे वडिलांना माहीत हवं.

सेतूवाला

प्रवेशाच्या दिवसाचं. मूळ कागद कॉलेज ठेवून घेतं, म्हणून निघण्याआधी सगळे स्कॅन करून फोनमध्ये, ईमेलवर आणि एका पेन ड्राइव्हवर. झेरॉक्सचे सहा संच, साक्षांकित. पासपोर्ट फोटो वीस, सगळे एकाच कॉपीचे. नीटच्या अर्जावर लावलेल्या फोटोचीच कॉपी असेल तर उत्तम. बारावीच्या कॉलेजचा टीसी, अधिवास, आधार, नीटचं प्रवेशपत्र आणि गुणपत्रक, निवड पत्र. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं शपथपत्र. वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला पुस्तिकेत दिलेल्या नमुन्यातच. डॉक्टरांच्या लेटरहेडवर 'फिट' लिहून आणलेला परत पाठवतात.

काही कॉलेजं अजून डीडी मागतात. नाव आणि रक्कम कॉलेजच्या सूचनेतून अक्षर न अक्षर उतरवा, 'अधिष्ठाता' की 'डीन' यावरूनही डीडी परत येतो. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँक बंद आणि प्रवेशाची शेवटची तारीख नेमकी तेव्हाच येते, म्हणून डीडी दोन दिवस आधी. रँगिंगविरोधी शपथपत्र antiragging च्या सरकारी संकेतस्थळावर भरून छापून घ्यायचं, पालकाचंही.

वावरातला वाघ

आन् रँगिंग झालंच त काय करा पोरीनं? थे बी सांगा.

मेडिकल चौक

राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास. नाव न सांगता तक्रार चालते. पहिल्या वर्षाच्या मुलींचं वसतिगृह किंवा मजला वेगळा ठेवतात. वॉर्डन आणि कॉलेजच्या समितीचे नंबर पहिल्याच दिवशी फोनमध्ये भरायचे. 'ओळख करून देणं' आणि 'रात्री दोनला उठवून जर्नल लिहायला लावणं' यात फरक आहे. दुसरं होऊ लागलं तर घरी लपवायचं नाही, हे पोरीला निघण्याआधीच सांगा.

अॅप्रन शिंपी

सामान. सगळं गावातून नेऊ नका, निम्मं तिथे जुन्यात मिळतं.

अॅप्रन तीन: पूर्ण बाह्या, गुडघ्यापर्यंत, सुती. टेरिकॉटचा शिवू नका. प्रयोगशाळेत बर्नरजवळ कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो. तिन्हींपैकी एक फक्त विच्छेदनासाठी, त्यावर खूण करा आणि तो घरच्या कपड्यांत धुऊ नका, फॉर्मलिनचा वास बाकीच्यांत उतरतो. विच्छेदनाच्या खोलीत डोळे झोंबतात, पहिल्या दिवशी रडायला येतं ते फॉर्मलिनने, भीतीने नव्हे. कॉन्टॅक्ट लेन्स नको, चष्मा. हातमोजे नायट्राइलचे, साध्या लॅटेक्समधून फॉर्मलिन लवकर झिरपतं. केस बांधलेले, पायात बंद बूट.

हाडांचा सेट विकत घेण्याची घाई नको. सिनिअरकडे 'हाफ सेट' मिळतो: एका बाजूचे हातापायाचे हाड, मणके, कवटी. घेताना हातापायाची सगळी हाडं एकाच बाजूची आहेत ना ते बघा. डावी मांडी आणि उजवी पिंढरी अशी खिचडी विकली जाते. मनगटाची आठ छोटी हाडं मोजा, टोकं तुटलेली नकोत, कवटीच्या आतल्या नाजूक जाळीला भोक पडलेलं नको, जबडा त्याच कवटीचा बसतो का ते लावून बघा.

स्टेथोस्कोप शरीरक्रियाशास्त्रात रक्तदाब मोजायला पहिल्याच वर्षी लागतो, पण साधा पुरतो. महागडा दुसऱ्या वर्षी घ्या, वॉर्डात गेल्यावर. ऊतींची चित्रं काढायला गुलाबी आणि जांभळी रंगीत पेन्सिल भरपूर, ती तालुक्यातच घ्या, तिथल्या दुकानात पहिल्या महिन्यात संपते. पुस्तकं नवी नको, आवृत्ती एक मागची चालते.

ऑगस्ट-सप्टेंबरात जाणं होतं, म्हणजे मच्छरदाणी आणि छत्री आधी, कूलर मार्चमध्ये. कूलरसाठी वसतिगृहाची परवानगी लागते, जुनं वायरिंग भार पेलत नाही. इंटर्नशिप संपवून जाणाऱ्यांकडून जुना घ्या. खिडकीत बसवला तरच उपयोग. बंद खोलीत ठेवला तर हवा दमट होते आणि गारवा येत नाही. टाकीतलं पाणी संपल्यावर पंप सुरू राहिला की जळतो. खारं पाणी असेल तर ताट्या क्षाराने कडक होतात, दर हंगामाला बदला.

डब्यात जवसाची किंवा तिळाची कोरडी चटणी द्या. ठेचा चार दिवसांत आंबतो. जवसाचीही महिन्यापेक्षा जास्त देऊ नका, खवट होते.

पांढरा डगला

लस राहिली. हिपॅटायटिस बी चे तीन डोस: आज, एका महिन्याने, सहाव्या महिन्याला. आता सुरू केली तर वॉर्डात जाण्याआधी पूर्ण होते. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तात प्रतिपिंड तपासायचे, १० च्या वर हवेत. लहानपणी लस झाली असेल तर कार्ड शोधा आणि कॉलेजात दाखवा. धनुर्वाताची टीडीही घेऊन ठेवा.

झाडीपट्टी

सेमी-इंग्रजीची धास्ती घेऊ नका, पण तयारी ठेवा. परीक्षा आरोग्य विद्यापीठाची, इंग्रजीत, लेखी आणि तोंडी. अडचण समजण्यात येत नाही, बोलण्यात येते. तोंडी परीक्षेत उत्तर येत असतं, वाक्य येत नाही. पहिल्या महिन्यापासून खोलीतल्या दोघींनी रोज दहा मिनिटं एकमेकींना मोठ्याने एक हाड किंवा एक स्नायू इंग्रजीत सांगायचा. शब्दांची मुळं पाठ करा: हायपो कमी, हायपर जास्त, ब्रेकियल दंडाचं, रीनल मूत्रपिंडाचं. शंभरेक मुळं आली की निम्मं पुस्तक ओळखीचं होतं.

हजेरी थिअरीला ७५ आणि प्रात्यक्षिकाला ८० टक्के. पहिल्या वर्षाला जास्तीत जास्त चार प्रयत्न आणि एकूण अभ्यासक्रमाला नऊ वर्षं. दिवाळीला जोडून चार-चार दिवस गावी राहणाऱ्यांची हजेरी इथेच घसरते.

आणि दुसऱ्या वर्षी वॉर्डात गेल्यावर बाजू पालटते. 'डोक्सं भनभनते', 'पोटात कळ मारते', 'अंगावर पांढरं जाते', 'हातापायाले मुंग्या येतात' हे शहरातल्या पोरांना दोनदा विचारावं लागतं. हिस्ट्री (रुग्णाच्या आजाराची हकीकत) घ्यायला तीच पुढे उभी राहील. चंद्रपूर-गडचिरोलीकडे गेली तर थोडं तेलुगू आणि गोंडी कानावर पडू द्या.

धुऱ्यावरचा मास्तर

यादी अशी लावतोय: मेडिकल, मेयो, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया, मग अमरावती, वाशीम, बुलडाणा, भंडारा, गडचिरोली. सेवाग्रामबद्दल पोरीला विचारलं, खादी चालेल म्हणाली, श्रमदानाला हसली. ते मेयोच्या खाली टाकतो. नॉन-क्रिमिलेअरचा अर्ज आज टाकला, दोन्ही नमुन्यांत.

आता शेवटचं. नागपूर लागलं तर दारव्ह्याहून सकाळी निघून कागदपत्रांच्या वेळेत पोचता येईल का, की आदल्या दिवशी जावं?

मेडिकल चौक

आदल्या दिवशी. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि त्याआधी दारव्हा-यवतमाळ वेगळं, एखादी एसटी चुकली की दुपार होते. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, आईलाही घेऊन या, शपथपत्रावर पालकाची सही लागते आणि वसतिगृहाची खोली बघितली की तिचाही जीव भांड्यात पडेल. गणेशपेठ स्टँडवर उतरा, तिथून मेडिकल चौक ऑटोने जवळ. सकाळी नऊला रांगेत लागा. कागदांची फाइल ट्रंकेत ठेवू नका, ती हातात. ट्रंक पहिल्या खेपेला आणूच नका, खोली मिळेपर्यंत ती कुठे ठेवायची हा एक नवाच प्रश्न होतो.

वावरातला वाघ

मास्तर, सीट लागली की धाग्यावर टाका. तूर निघाली की आमी बी येतो पोरीले भेटाले, जवसाची चटणी घेऊन.